फोटो पानावर चढवण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात संकेतस्थळावरील चित्रांविषयी प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवली, ती ही की बहुतेकांनी मोबाइलमधून निघालेली फाइल जशीच्या तशी पानावर चढवली आहे, आणि ज्यांनी तिच्यात काही बदल केले त्यांनी ते थेट मूळ फाइलीतच केले आहेत. पानासाठीची प्रत वेगळी काढावी आणि मूळ प्रतीला हात लावू नये, एवढे पाळले गेले असते तर निम्मी पत्रे आलीच नसती. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमची पर्यटकांसाठी घरगुती निवासाची सोय आहे. पुतण्याने संकेतस्थळ करून दिले. घराचे, वाडीचे आणि समुद्राचे मिळून १२ फोटो पहिल्याच पानावर आहेत. येणारे पाहुणे वाटेतून फोन करून सांगतात की पान उघडतच नाही. आमच्या घरी वायफायवर मात्र ते लगेच उघडते. होस्टिंग बदलावे काय?

उत्तर : होस्टिंगला, म्हणजे संकेतस्थळ जेथे ठेवले आहे त्या सेवेला, इतक्यात हात लावू नका. आपण पत्रासोबत पाठवलेला फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असून त्याची फाइल साडेचार मेगाबाइटची आहे. बाकीचेही असेच असतील असे धरले तर १२ फोटोंचे ५४ मेगाबाइट होतात. कशेडी घाटाच्या आसपास एखाद्याच्या मोबाइलला सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे अर्धा मेगाबाइट, एवढा वेग मिळाला तर नुसते फोटो उतरायला १०८ सेकंद लागतील. मुक्कामाची जागा शोधणारा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. तो दुसऱ्याचे पान उघडतो. आपल्या घरी पान झटकन उघडते त्यात वायफायचा वाटा थोडाच आहे, कारण एकदा उतरलेले फोटो ब्राउझर स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि पुढच्या खेपेला तेच दाखवतो. वायफाय बंद करून, ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, मोबाइल डेटावर आपलेच पान एकदा पाहा, म्हणजे पाहुण्यांना काय दिसते ते कळेल.

फोटो किती मोठा असावा हे पानावरची चौकट ठरवते. वेबपानाच्या हिशेबात साधारण मोबाइलचा पडदा ३६० पिक्सेल रुंद धरतात, परंतु पडद्यावर प्रत्यक्षात असलेले ठिपके त्याच्या दुप्पट किंवा तिप्पट असतात; म्हणजे तिप्पटवाल्या मोबाइलवर या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेल्या फोटोलाही १०८० ठिपके पुरतात. संगणकावर आपल्या पानातील फोटोची चौकट ८०० पिक्सेल रुंद आहे. दाट ठिपक्यांच्या पडद्यासाठी तिची दुप्पट, म्हणजे १६०० धरा. त्यापलीकडचा प्रत्येक पिक्सेल पाहुण्याच्या डेटापॅकातून खर्च होतो आणि कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. १६०० × १२०० च्या प्रतीत १९ लाख २० हजार पिक्सेल असतात आणि मूळ फोटोत १ कोटी २० लाख, तेव्हा दर्जाला धक्का लावण्याआधीच सहा भागांतले पाच भाग गळून जातात.

काही जण माप तेच ठेवून फक्त गुणवत्तेचा आकडा खाली आणतात आणि फाइल हलकी झाली म्हणून समाधान मानतात. त्यात एक मेख आहे. पडद्यावर दाखवण्यासाठी ब्राउझरला ती फाइल उलगडावी लागते, आणि उलगडलेल्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला साधारणपणे ४ बाइट लागतात. ४००० × ३००० चा फोटो फाइल म्हणून कितीही लहान केला तरी पूर्ण उलगडल्यावर ४ कोटी ८० लाख बाइट स्मृती अडवतो. स्वस्तातल्या मोबाइलवर असे बारा फोटो एका पानात आले की सरकवताना पान अडखळते, ते यामुळे. म्हणून आधी माप कमी करायचे आणि मग गुणवत्ता ठरवायची.

क्रम असा ठेवा. मूळ फोटोची प्रत काढा, नको असलेला भाग कापा, रुंदी १६०० वर आणा, त्यानंतर अगदी किंचित धार द्या, कारण माप कमी करताना चित्र थोडे मऊ पडते, आणि शेवटी जेपीईजी म्हणून ७५ ते ८० च्या आसपास गुणवत्ता ठेवून साठवा. हा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. निरनिराळ्या सॉफ्टवेअरच्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात, फोटोशॉपमध्ये तर ती शून्यापासून १२ पर्यंतही असते. त्यामुळे आकड्यावर न जाता, पानावर दिसेल त्याच मापात दोन्ही प्रती शेजारीशेजारी ठेवून पाहा. स्क्वूश या ब्राउझरमध्येच चालणाऱ्या मोफत साधनात मधली पट्टी डावी-उजवीकडे सरकवून ही तुलना करता येते, आणि फोटो आपल्या संगणकाबाहेरही जात नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : आपला समुद्राचा फोटो फार हलका होईल आणि वाडीचा होणार नाही. माडाच्या झावळ्या, खालची पालापाचोळ्याची जमीन, पावसाळ्यातली हिरवळ यांत प्रत्येक पिक्सेल शेजारच्यापेक्षा वेगळा असतो, आणि अशा चित्राला जेपीईजी फारसे आवळू शकत नाही. तेथे वजन थोडे जास्त राहिले तर राहू द्या.

पुतण्याला आणखी तीन गोष्टी सांगा. पहिली, प्रत्येक फोटोच्या ६४०, १०८० आणि १६०० रुंदीच्या तीन प्रती ठेवून त्या सोर्ससेट या गुणधर्मात लिहिल्या आणि साइझेस या गुणधर्मात चौकटीची रुंदी सांगितली, तर पडदा पाहून योग्य प्रत ब्राउझर स्वतःच निवडतो. (वर्डप्रेसवर ४.४ या आवृत्तीपासून हे काम आपोआप होते. आपले पान हाताने लिहिलेले दिसते.) दुसरी, चित्राच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहायला विसरू नये. ती लिहिली नाही तर फोटो उतरेपर्यंत ब्राउझर जागा राखून ठेवत नाही, आणि पाहुणा आपल्या फोन नंबरवर बोट ठेवणार तेवढ्यात वरचा फोटो येऊन तो नंबर खाली ढकलला जातो. तिसरी, सर्वांत वरचा फोटो सोडून बाकीच्यांना लोडिंग या गुणधर्मात लेझी असे मूल्य द्यावे, म्हणजे वाचक तिथवर पोचत आला की मगच ते मागवले जातील. वरच्या फोटोला मात्र ते देऊ नये. पान उघडताक्षणी जो दिसायला हवा त्यालाच ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : वेबसाठी फोटो ७२ डीपीआयमध्ये हवा असे एक जण सांगतात, तर आमचा डिझायनर ३०० चा आग्रह धरतो. खरे कोणाचे?

उत्तर : वेबपानाच्या बाबतीत दोघांचेही नाही. डीपीआय हा फाइलीत लिहून ठेवलेला एक आकडा असतो आणि कागदावर छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे हे तो सांगतो; ब्राउझर त्याच्याकडे पाहतही नाही. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ७२ लिहून साठवा किंवा ३०० लिहून साठवा, पडद्यावर तो तसाच दिसेल आणि फाइलीचे वजनही तेवढेच राहील. ७२ हा आकडा १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावरून आला. त्या पडद्यावर एका इंचात ७२ पिक्सेल होते. पडदे केव्हाच बदलले, आकडा मात्र तोंडात राहिला. डिझायनरचे ३०० छपाईसाठी योग्य आहे. मूळ प्रत त्याच्याकडून त्या दर्जाची अवश्य मागून घ्या आणि जपून ठेवा.

प्रश्न : न्यू जर्सीतील आमच्या मराठी मंडळाच्या पानावर गणेशोत्सवाची पत्रिका चित्ररूपाने टाकली आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे आहेत. भारतातील डिझायनरकडे स्वच्छ दिसणारी अक्षरे आमच्या पानावर मळकट दिसतात. शिवाय आमच्या एका दृष्टिहीन सभासदांनी कळवले की त्यांना पत्रिकेतील एकही शब्द ऐकू आला नाही. दोन्हींवर उपाय सांगावा.

उत्तर : आपण पाठवलेली फाइल मी आठपट मोठी करून पाहिली. ‘श्री’च्या आणि ‘सस्नेह निमंत्रण’च्या शिरोरेषेला वरून आणि खालून मुंग्या लागल्यासारखे करडे-तांबूस कण दिसतात, अनुस्वार जवळजवळ नारिंगी झाले आहेत, आणि वेलांटीच्या टोकाची लाली पिवळ्यात विरघळली आहे. हे जेपीईजीचे काम आहे.

हा प्रकार १९९२ मध्ये प्रमाणित झाला तो छायाचित्रांसाठी. तो चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन संथ व जलद लाटांच्या बेरजेने मांडतो. फाइल लहान करण्यासाठी जलद लाटांचा तपशील आधी टाकून दिला जातो, कारण चेहरा, आकाश, डोंगर यांत तो गेल्याचे लक्षात येत नाही. अक्षराची कडा मात्र जलद लाटांवरच उभी असते. त्या गेल्या की कडेच्या दोन्ही बाजूंना तरंग उमटतात. रोमन अक्षरांत हे तरंग अक्षरागणिक विखुरतात. आपल्याकडे शिरोरेषा शब्दभर सलग धावते, त्यामुळे दोषही शब्दभर सलग धावतो आणि चटकन डोळ्यांत भरतो.

रंगाची गोष्ट निराळी. माणसाच्या डोळ्यांना उजेड-अंधाराचे बारकावे जितके कळतात तितके रंगाचे कळत नाहीत, या जाणिवेवर जेपीईजीचा आणखी एक हिशेब बसवलेला आहे. उजळपणा प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळा ठेवला जातो, पण रंग मात्र बहुधा चार पिक्सेलच्या गटाला मिळून एकच दिला जातो. सॉफ्टवेअरमध्ये याला ४:२:० असे लिहिलेले आढळेल. दोन पिक्सेल जाडीच्या लाल वेलांटीच्या वाट्याला शेजारचा पिवळा येतो तो असा. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जेपीईजी काढताना सबसॅम्पलिंगच्या खाली ४:४:४ निवडले तर रंगाची ही वाटणी टळते. अक्षरे आणि सपाट रंग असलेल्या पत्रिकेसाठी मात्र पीएनजी अधिक बरा, कारण त्यात काहीच टाकून दिले जात नाही, आणि सपाट रंगांचे चित्र त्यात पुष्कळदा जेपीईजीपेक्षा हलकेही होते. वेबपीचा नेहमीचा, म्हणजे तपशील गाळणारा प्रकार रंगाची वाटणी नेहमीच करतो, हेही लक्षात असू द्यावे. आणि डिझायनरने पत्रिका व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली असेल, तर तेथे ती आणखी एकदा आवळली गेली आहे. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

एवढे केल्यावर अक्षरे स्वच्छ होतील. सभासदांची अडचण तशीच राहील. पत्रिकेतील अक्षरे आपल्या दृष्टीने अक्षरे आहेत, संगणकाच्या दृष्टीने ती रंगीत ठिपकेच आहेत. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे पडदावाचक सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही, आणि तारीख उचलून दिनदर्शिकेत किंवा पत्ता उचलून नकाशात टाकता येत नाही. मोबाइलवर डोळसांनाही त्रासच होतो : १२०० पिक्सेल रुंदीच्या पत्रिकेतले ३० पिक्सेल उंचीचे अक्षर ३६० च्या पडद्यावर ९ पिक्सेलचे होते, आणि ज्येष्ठ सभासद दोन बोटांनी पत्रिका ताणत बसतात. म्हणून चित्रात गणपती आणि वेलबुट्टी ठेवा. निमंत्रणाचा मजकूर, तारीख, वेळ आणि सभागृहाचा पत्ता चित्राखाली युनिकोड मराठीत लिहा. चित्राचे शब्दांतले वर्णन जेथे लिहितात त्या ऑल्ट या गुणधर्मात ‘गणपतीचे चित्र’ एवढे पुरे. ‘इमेज १’ किंवा ‘सुंदर फोटो’ लिहून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, पण तो गुणधर्म गाळू नका, कारण गाळला तर काही पडदावाचक फाइलीचे नावच वाचून दाखवतात. पानाच्या भाषेची नोंद मराठी अशी केलेली आहे ना, तेही पाहा. ती इंग्रजी असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या माथी मारला जाण्याचा धोका असतो.

प्रश्न : जेपीईजी, पीएनजी, वेबपी, एव्हीआयएफ यांतले नेमके काय वापरावे? आयफोनवरचे एचईआयसी फोटो तर पानावर दिसतच नाहीत.

उत्तर : छायाचित्राला जेपीईजी किंवा वेबपी, अक्षरे असलेल्या पडदाचित्राला (स्क्रीनशॉटला) पीएनजी, आणि बोधचिन्हाला शक्य तर एसव्हीजी, कारण त्यात ठिपक्यांऐवजी रेषांची वर्णने असतात आणि ते कितीही ताणले तरी फाटत नाही. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला, पण ॲपलच्या सफारीने तो २०२० मध्ये स्वीकारला, म्हणून इतकी वर्षे लोक त्याला बिचकत होते. आता बिचकण्याचे कारण उरलेले नाही. एव्हीआयएफ त्याहूनही हलका होतो. मात्र त्याच्यासोबत पर्यायी जेपीईजी देण्याची सोय पानात करावी. एचईआयसी आयफोनमध्ये २०१७ पासून आला. जागा वाचवायला तो चांगला, पण बहुतेक ब्राउझर तो दाखवत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की पुढचे फोटो जेपीईजीत निघतील.

प्रश्न : येवल्याला आमचा पैठणीचा व्यवसाय आहे. पानावरच्या साडीचा रंग आणि हातातल्या साडीचा रंग यांत फरक पडतो म्हणून गिऱ्हाईक साडी परत पाठवते. मोबाइलवर फोटो बरोबर दिसतो, पानावर चढवला की फिका पडतो.

उत्तर : ‘पानावर चढवला की फिका पडतो’ या आपल्या वाक्यातच निदान आहे. फोटोतील रंगांचे आकडे कोणत्या मोजपट्टीने वाचायचे हे फाइलीतील रंगप्रोफाइल सांगते. आयफोन २०१६ पासून एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या मोजपट्टीपेक्षा विस्तृत अशा डिस्प्ले पी३ मोजपट्टीत फोटो काढतो. मोठ्या कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी निवडलेले असू शकते. वजन कमी करणारे साधन ते प्रोफाइल पुसून टाकते, मग ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे समजून वाचतो, आणि राणी रंगाचा उतरलेला गुलाबी होतो. उपाय सोपा आहे, पण क्रम चुकवू नका : आधी फोटो एसआरजीबीत रूपांतरित करा, त्यानंतरच माप आणि वजन कमी करा. कॅटलॉगच्या छपाईसाठी केलेल्या सीएमवायके फाइली तर पानावर मुळीच चढवू नयेत. त्या शाईच्या हिशेबाने बनवलेल्या असतात.

याने निम्मा प्रश्न सुटेल. उरलेला निम्मा फोटो काढण्याच्या जागी आहे. आपल्या फोटोत डावीकडून खिडकीचा उजेड येतो आहे आणि वर ट्यूबलाइट जळते आहे. दोन उजेडांचे रंग वेगळे, त्यामुळे पदर निळसर आणि काठ पिवळसर झाला आहे. ट्यूब बंद करा, उत्तरेच्या खिडकीशी साडी पसरा, पहिल्या फोटोत पदरावर एक साधा पांढरा कागद ठेवा आणि नंतर त्या कागदावरून पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) साधून घ्या. आणि धूपछाव पैठणीच्या बाबतीत एक गोष्ट मान्यच करायला हवी. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने ती साडी कोन बदलला की रंग बदलते, आणि तेच तिचे मोल आहे. तिचा ‘खरा’ रंग एका फोटोत मावणारच नाही. अशा साडीचे तीन कोनांतून तीन फोटो द्या आणि शेजारी ताण्या-बाण्याचे रंग शब्दांत लिहा. परतीचे पार्सल वाचवायला तेवढा मजकूर उपयोगी पडतो.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाकडे १९६० च्या दशकातील दिवाळी अंक आहेत. त्यांतील काही पाने आणि छायाचित्रे स्कॅन करून संकेतस्थळावर दाखवत आहोत. छायाचित्रांवर जाळीसारखे पट्टे उमटतात, आणि मजकुरातील अनुस्वार नाहीसे होतात.

उत्तर : जुन्या अंकांतील छापील छायाचित्र हे मुळातच ठिपक्यांची जाळी असते; जवळून भिंग धरले तर दिसते. ती जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर आल्या की दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरल्यावर जे पट्टे दिसतात तेच पडद्यावर दिसतात. कमी घनतेने स्कॅन केले तर हे पट्टे फाइलीतच उतरतात आणि मग काढता येत नाहीत. म्हणून ६०० डीपीआयने स्कॅन करा. (येथे डीपीआयला अर्थ आहे, कारण समोर कागद आहे.) स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये डीस्क्रीन नावाची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर पानासाठीच्या प्रतीत छापाचे ठिपके एकमेकांत मिसळतील एवढीच किंचित धूसरता आणा आणि मग माप कमी करा. आधी माप कमी करून नंतर धूसर केले तर पट्टे जात नाहीत. ८ × ११ इंचांचे पान या घनतेने ४८०० × ६६०० पिक्सेलचे होते आणि रंगीत असेल तर न आवळता सुमारे ९५ मेगाबाइट भरते. तेवढी फाइल टिफ या फाइलप्रकारात वाचनालयाच्या डिस्कवर ठेवा, दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत ठेवा. पानावर तिची १२०० ते १६०० रुंदीची लेकरू-प्रत जाईल.

अनुस्वार जातात याचे कारण आपण मजकुराची पाने निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करता. त्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलला काळा किंवा पांढरा असा एकच कौल द्यावा लागतो. साठ वर्षांपूर्वीच्या झिजलेल्या टाइपाचा अनुस्वार मुळात फिकट करडा असतो, त्याला कौल पांढऱ्याचा मिळतो, आणि ‘मंद’ वाऱ्याचा ‘मद’ वारा होतो. कौलाची रेषा दुसरीकडे सरकवली तर कागदावरचे डागच अनुस्वार होऊन बसतात. करड्या छटांत स्कॅन करा आणि पानासाठी १६ छटांचा पीएनजी काढा. फाइल हलकी राहते आणि टिंबे जागच्या जागी राहतात. कागद पातळ असल्यास मागच्या पानाची अक्षरे उमटतात, त्यासाठी स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवावा. पांढरा ठेवण्याची सवय असते, पण तो प्रकाश परत फेकतो आणि मागची अक्षरे अधिक उठून दिसतात.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. मुलांच्या फोटोंतून शाळेचे ठिकाण कळू शकते असे ऐकल्यामुळे एका साधनाने फोटोंतील माहिती पुसली. त्यानंतर स्नेहसंमेलनाच्या फोटोंत मुले आडवी झोपलेली दिसतात!

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असेल तर फोटोच्या फाइलीत अक्षांश-रेखांश नोंदले जातात, आणि मुलांच्या फोटोंतून ते पुसणे योग्यच. परंतु त्याच नोंदवहीत आणखी एक ओळ असते, ती म्हणजे मोबाइल कसा धरला होता ही. उभा फोटो घेतला तरी पिक्सेल बहुधा आडवेच साठवले जातात आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी नोंद शेजारी केली जाते. ब्राउझर ती पाळतात. आपल्या साधनाने सगळी नोंदवही पुसली, फिरवण्याची सूचनाही गेली, आणि मुले आडवी झाली. मूळ फोटो असतीलच. त्यांच्या प्रतींवर आधी फिरवण्याची क्रिया पिक्सेलवरच करून घ्या (इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरमध्ये तिला ऑटो-ओरिएंट म्हणतात), मग माहिती पुसा. शाळेच्या पाटीचे नाव फोटोतच वाचता येत असेल तर माहिती पुसून उपयोग नाही, हेही एकदा पाहून घ्या. पालकांची परवानगी आपण घेतली असेल असे गृहीत धरतो.

प्रश्न : फाइलींची नावे मराठीत ठेवावीत काय? मराठीचा अभिमान म्हणून मी ठेवली, पण काही चित्रे दिसत नाहीत.

उत्तर : अभिमान ऑल्टमध्ये आणि चित्राखालच्या ओळीत मिरवा, फाइलीला साधी रोमन, लहान अक्षरांची, जोडरेषेने जोडलेली नावे द्या. देवनागरीतील प्रत्येक खूण वेबपत्त्यात जाताना तीन बाइटांची होते आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो, त्यामुळे ‘गणपती’ एवढ्या नावाचे ४५ अक्षरांचे शेपूट होते. त्यातून ‘कऱ्हाड’मधला ऱ संगणकात दोन प्रकारांनी साठवला जाऊ शकतो, एकसंध किंवा र आणि नुक्ता असा, डोळ्यांना दोन्ही सारखे, सर्व्हरला वेगळे. आपली न दिसणारी चित्रे पाहिली तर त्यांतल्या दोघांची गोष्ट याहून साधी निघाली : फाइलीच्या शेवटी जेपीजी मोठ्या रोमन लिपीत आहे आणि पानात लहान लिपीत लिहिले आहे. विंडोजवर ते चालून जाते, लिनक्सच्या सर्व्हरवर नाही.

प्रश्न : ट्रेकिंगचे ८०० फोटो एकेक करून लहान करणे शक्य नाही. एका दमात होईल असे काही आहे काय?

उत्तर : विंडोजवर इरफानव्ह्यूमधील बॅच रूपांतर पुरेसे आहे : माप, गुणवत्ता आणि कोठे साठवायचे ते एकदा सांगितले की सगळा संच पार पडतो. आज्ञा लिहिण्याची सवय असेल तर इमेजमॅजिक अधिक समर्थ आहे, पण त्यातील मॉग्रिफाय ही आज्ञा जपून वापरा. तिला वेगळा फोल्डर सांगितला नाही तर ती नवी प्रत काढत नाही, मूळ फाइलीवरच लिहिते, आणि तसे करताना विचारतही नाही. मी काही वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडावरच्या फोटोंच्या फोल्डरवर ती ८०० रुंदीने चालवली, दोन-अडीचशे फोटो चहा होईपर्यंत लहान झाले आणि मी खूश झालो. पुढे एका मासिकाने कोकणकड्याचा फोटो पूर्ण पानावर छापायला मागितला, तेव्हा माझ्याकडे पानासाठीची प्रत तेवढी होती. इंचाला ३०० या हिशेबाने ८०० पिक्सेलचे पावणेतीन इंचही पुरते भरत नाहीत. कोकणकडा मजकुराच्या एका कोपऱ्यात तेवढाच छापला गेला.